स्क्रीनवर न मावणारे काम

ए-फोर आकाराचे एक पान संगणकावर शंभर टक्के आकारात उघडले, तर ते ७९४ पिक्सेल रुंद आणि ११२३ पिक्सेल उंच भरते. इंचाला ९६ पिक्सेल हे विंडोजचे जुने प्रमाण धरले की हा हिशेब निघतो. आता अशी दोन पाने शेजारीशेजारी ठेवायची आहेत आणि एकातले बघून दुसऱ्यात लिहायचे आहे, असे समजू. त्यासाठी निदान १५८८ पिक्सेल रुंदी हवी. स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद असेल, तर प्रत्येक पानाच्या वाट्याला ९६० पिक्सेल येतात. पान बसते, स्क्रोलबार बसतो आणि वर थोडी जागाही उरते. स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची असेल, तर निम्मी रुंदी होते ६८३, आणि पान शंभराहून जास्त पिक्सेलने कापले जाते. ते बसवायचे तर ऐंशी टक्क्यांवर आणावे लागते. ऐंशी टक्क्यांवर देवनागरी मजकुरातले रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, ‘ष’ आणि ‘प’ वेगळे ओळखताना डोळे ताणावे लागतात. म्हणून काम करणारा विंडो मॅक्सिमाइज करतो. ती सगळी स्क्रीन व्यापते आणि दुसरी विंडो तिच्यामागे जाते. जे काम नुसती नजर वळवून झाले असते, ते आता दर वेळी विंडो बदलून करावे लागते.

या त्रासाचा दोष सहसा वापरणाऱ्याच्या माथी मारला जातो. इतक्या विंडो उघड्या कशाला ठेवायच्या, नको त्या बंद कराव्यात, शिस्त लावावी, असे सांगितले जाते. मला हे निदान चुकीचे वाटते. वीस विंडो उघड्या असणे ही खरी अडचण नाही. एकाच कामाला एकदम लागणाऱ्या दोन-तीन विंडो एकाच वेळी दिसत नाहीत, ही खरी अडचण आहे. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की विंडो बदलण्यासाठी आपल्याला जी साधने दिली गेली आहेत, म्हणजे टास्कबारवरची बटणे आणि विंडोंची छोटी चित्रे, ती चालण्यासाठीही पिक्सेलच लागतात. ज्या गोष्टीचा तुटवडा आहे, तीच गोष्ट उपायही मागतो. लहान स्क्रीनवर विंडो बदलण्याचा आधार चित्र हा असूच शकत नाही. तो आधार ठरलेली जागा आणि ठरलेला क्रम हाच असायला हवा, कारण जागा आणि क्रम हाताच्या लक्षात राहतात, त्यांना स्क्रीनवर जागा लागत नाही.

एखाद्या महा ई-सेवा केंद्रातले नेहमीचे काम डोळ्यांसमोर आणावे. समोर ऑनलाइन अर्ज उघडा आहे. अर्जदाराचे आधार कार्ड स्कॅन करून घेतले आहे किंवा व्हॉट्सॲपवर आले आहे. स्कॅन म्हणजे चित्र, त्यामुळे त्यातला मजकूर उचलून चिकटवता येत नाही. बघून टाइप करावा लागतो. आधार क्रमांक बारा आकडी असतो आणि कार्डावर तो चार-चार आकड्यांच्या तीन गटांत छापलेला असतो. अनोळखी बारा आकडे एका नजरेत लक्षात ठेवून दुसऱ्या विंडोत बिनचूक टाइप करणे फार थोड्यांना जमते, म्हणून बहुतेक जण एका वेळी एक गट डोक्यात धरतात. म्हणजे एका क्रमांकासाठी स्कॅनकडे तीन खेपा आणि अर्जाकडे तीन खेपा, शिवाय शेवटी पडताळून पाहायला आणखी एक. नंतर नाव, जन्मतारीख, पत्ता, पिन कोड, बँकेचे खाते. स्कॅन आणि अर्ज एकाच वेळी दिसत असते, तर यातली एकही खेप पडली नसती. या कामात विंडो फक्त दोन आहेत. त्यातली कुठली बंद करायची? विंडो कमी ठेवा हा सल्ला इथे लागूच पडत नाही. आणि दर खेपेला आकडे डोक्यात धरून ठेवावे लागतात. विंडो शोधण्यात दोन सेकंद जास्त गेले की चौथा आकडा हातातून निसटतो आणि खेप वाया जाते. विंडो बदलण्याची किंमत निव्वळ सेकंदांत मोजून चालत नाही, ती चुकांतही मोजावी लागते.

रुंदीइतकीच उंचीची गोष्ट महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले आहे. आयबीएमने १९९० मध्ये एक्सजीए हे प्रमाण आणले, ते १०२४ बाय ७६८ पिक्सेलचे होते. पुढे स्क्रीन सिनेमासारख्या आडव्या होत गेल्या. १३६६ बाय ७६८ या मापाने जगभरातल्या इंटरनेट वापरात जुन्या १०२४ बाय ७६८ ला २०१२ मध्ये मागे टाकले, असे स्टॅटकाउंटरच्या आकडेवारीत दिसले. रुंदी ३४२ पिक्सेलने वाढली. उंची बावीस वर्षांनंतरही तितकीच, ७६८. दरम्यान त्या उंचीवर हक्क सांगणाऱ्या गोष्टी मात्र वाढत गेल्या. विंडोज ७ चा टास्कबार ४० पिक्सेलचा. २००७ च्या ऑफिसपासून वर्ड आणि एक्सेलच्या माथ्यावर रिबन आली. शीर्षकपट्टी धरून तिची उंची दीडशे पिक्सेलच्या आसपास जाते. खाली आणखी वीसेक पिक्सेलची स्टेटसबारची पट्टी. हे सगळे वजा केले की वर्डमध्ये कागदासाठी साडेपाचशेच्या आसपास पिक्सेल उरतात, म्हणजे ११२३ पिक्सेलच्या पानाचा निम्मा भागसुद्धा दिसत नाही. आपण वाचतो आणि लिहितो ती पाने उभी असतात. स्क्रीन वाढली ती आडवी. म्हणून १३६६ पिक्सेलची स्क्रीन कागदोपत्री मोठी असूनही लिखापढीच्या कामाला लहानच राहिली.

विंडो एकमेकींवर ठेवाव्यात की फरशांसारख्या शेजारीशेजारी मांडाव्यात, हा वाद या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि तो विंडोइतकाच जुना आहे. एकमेकींवर येणाऱ्या विंडो झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग प्रणालीत दाखवल्या. त्याच झेरॉक्सने १९८१ मध्ये स्टार हा कार्यालयीन संगणक बाजारात आणला, तेव्हा मात्र त्यात कामाच्या विंडो एकमेकींवर येऊ दिल्या नाहीत. विंडो सरकवत बसण्यात माणसाचा वेळ जाऊ नये, हा हेतू होता. स्टारची स्क्रीन त्या काळाच्या मानाने प्रशस्त, १०२४ पिक्सेल रुंद आणि आठशेच्या वर उंच होती, म्हणून ते शक्य झाले. १९८५ च्या पहिल्या विंडोजनेही फरशांची मांडणी स्वीकारली, पण ती ६४० बाय २०० किंवा ६४० बाय ३५० अशा स्क्रीनवर. तिथे दोन-तीन फरशा मांडल्या की कुठल्याच फरशीत काम करण्याजोगी जागा उरत नसे. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत विंडो एकमेकींवर येऊ लागल्या. सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी १९८६ मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना प्रयोगाने केली. ज्या कामातला मजकूर विंडोच्या आकारात नीट बसतो, तिथे फरशांची मांडणी वेगवान ठरली. जिथे मजकुराचा आकार बेढब होता, तिथे एकमेकींवर येणाऱ्या विंडो सरस ठरल्या, पण फक्त सरावलेल्या लोकांच्या हातात. नवख्यांचा वेळ विंडो हलवण्यातच गेला. लहान स्क्रीनवर जवळजवळ प्रत्येक कागद विंडोपेक्षा मोठा असतो, म्हणजेच बेढब असतो. तिथे फरशांचा फायदा मिळत नाही आणि विंडो हलवण्याचे कष्ट मात्र नवख्या-सरावलेल्या सगळ्यांनाच पडतात.

सर्वांत लहान स्क्रीनवर सापडलेले एक उत्तर मला फार मोलाचे वाटते. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशची स्क्रीन नऊ इंची, ५१२ बाय ३४२ पिक्सेलची होती. त्यावर एका वेळी एकच प्रोग्राम चाले. मॅकपेंटमध्ये काढलेले चित्र मॅकराइटमधल्या पत्रात घालायचे, तर एक प्रोग्राम बंद करून दुसरा उघडावा लागे. मॅकिन्टॉशच्या मूळ चमूतले अँडी हर्ट्झफेल्ड यांनी १९८५ मध्ये स्विचर नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यात अनेक प्रोग्राम एकाच वेळी मेमरीत राहत, प्रत्येकाला पूर्ण स्क्रीन मिळे, आणि एकातून दुसऱ्यात जाताना आख्खी स्क्रीन आडवी सरकत जाई. त्या सरकण्याने वापरणाऱ्याला कळे की पत्र उजवीकडे आहे आणि चित्र डावीकडे. ५१२ पिक्सेलमध्ये कुठलेही छोटे चित्र दाखवायला जागा नव्हती, म्हणून प्रत्येक प्रोग्रामला एक दिशा दिली गेली. जागेचा तुटवडा जागेवर भर देऊन सोडवला, हे त्या रचनेतले शहाणपण आहे.

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, झेरॉक्समधल्या ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी या प्रश्नाला सिद्धांताची बैठक दिली. कामाच्या टेबलाशी स्क्रीनची तुलना करून पाहू. पाच फूट बाय अडीच फूट टेबलाचे क्षेत्रफळ १८०० चौरस इंच होते. नऊ इंची मॅकची दिसणारी स्क्रीन जेमतेम ३४ चौरस इंच. म्हणजे एका साध्या टेबलावर अशा पन्नासहून अधिक स्क्रीन मावतात. टेबलावर पसरून करायचे काम इतक्याशा जागेत करायला लावले की काय होते, याचे वर्णन त्यांनी संगणकाच्या मेमरीच्या शास्त्रातून उचलले. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडले होते की कुठलाही प्रोग्राम एका काळात आपल्या माहितीचा ठरावीक संचच पुन्हा पुन्हा वापरतो. तो संच मेमरीत मावला तर काम सुरळीत चालते. मावला नाही तर मशीनचा सगळा वेळ तुकडे आत-बाहेर करण्यातच जातो. हेंडरसन आणि कार्ड यांनी दाखवले की विंडोंच्या बाबतीतही हेच घडते. माणूस एका कामात ठरावीक विंडोंचा संच वापरतो, आणि काम बदलले की संच बदलतो. त्यांनी तयार केलेल्या ‘रूम्स’ या व्यवस्थेत प्रत्येक कामाला स्वतंत्र खोली होती आणि एकच विंडो गरजेप्रमाणे अनेक खोल्यांत ठेवता येत होती. विंडो एकूण किती आहेत, यापेक्षा या क्षणीच्या कामाचा संच स्क्रीनवर मावतो की नाही, हाच खरा प्रश्न आहे, हे त्यांच्या मांडणीतून स्पष्ट होते. जॉर्जिया टेक आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रत्यक्ष वापराच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लोकांच्या संगणकांवर बहुतांश वेळ आठ किंवा त्याहून अधिक विंडो उघड्या आढळल्या. ही बेशिस्त नाही. कार्यालयीन कामाचे ते स्वाभाविक रूप आहे.

आता साधनांकडे पाहू. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आले आणि त्याबरोबर टास्कबार आला. ६४० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर स्टार्टचे बटण आणि घड्याळ वजा जाता बटणांसाठी पाचशेच्या आसपास पिक्सेल राहत. आठ विंडो उघडल्या की एका बटणाला साठेक पिक्सेल. त्यातून छोटे चित्र आणि कडा वगळल्या की सहा-सात अक्षरे दिसत. जुन्या विंडोजमध्ये शीर्षकात प्रोग्रामचे नाव आधी आणि फाइलचे नंतर येई, त्यामुळे अशा बटणांवर फाइलचे नाव कधी दिसलेच नसते. विंडोज ९५ मध्ये नोटपॅडच्या शीर्षकाचा क्रम उलटा केला गेला आणि फाइलचे नाव पुढे आले. बारीकसा बदल, पण ज्याने तो केला त्याला अडचण नेमकी कळली होती. पुढचा प्रवास दुर्दैवाने वेगळ्या दिशेने झाला. २००१ च्या विंडोज एक्सपीने जागा भरली की एकाच प्रोग्रामच्या विंडो एका बटणात कोंबल्या. जागा वाचली, पण एका क्लिकऐवजी दोन लागू लागले. २००९ च्या विंडोज ७ ने बटणावरची अक्षरेच काढून टाकली आणि माऊस नेल्यावर दिसणाऱ्या विंडोच्या छोट्या चित्रावर सगळी भिस्त ठेवली. ते चित्र साधारण दोनशे पिक्सेल रुंद असते. १३६६ पिक्सेलची विंडो तेवढी करायची म्हणजे सातपट लहान करायची. अकरा पॉइंटचा मजकूर मुळात पंधराएक पिक्सेलचा, तो दोन पिक्सेलवर येतो. दोन पिक्सेलमध्ये कुठलेही अक्षर उमटत नाही, उमटते ती करडी रेघ. एका चित्रात फोटो आणि दुसऱ्यात नकाशा असेल, तर ती ओळखू येतील, हे मान्य. पण सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या तीन एक्सेल शीट किंवा एकाच नमुन्यातले चार अर्ज यांची चित्रे हुबेहूब सारखी दिसतात. ज्याला विंडो शोधण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याच कामात चित्र सर्वांत निरुपयोगी ठरते.

ऑल्ट आणि टॅब या जोडीबद्दल लोकांना आपुलकी आहे, आणि दोन विंडोंपुरती ती रास्तही आहे. या जोडीचा नियम असा की जी विंडो सर्वांत अलीकडे वापरली ती आधी येते. दोनच विंडो असतील, तर एकदा दाबले की दुसरी, पुन्हा दाबले की पहिली. हात न बघता काम करतो. तिसरी विंडो आली की हा हिशेब मोडतो. समजा अर्ज, स्कॅन आणि व्हॉट्सॲप अशा तीन विंडो आहेत. अर्जावरून स्कॅनकडे जायला टॅब एकदा दाबावा लागतो. मध्येच ओटीपी बघायला व्हॉट्सॲपवर जाऊन अर्जावर परत आले, की स्कॅन तिसऱ्या क्रमांकावर ढकलला जातो आणि अर्जावरून स्कॅनकडे जाण्याची तीच हालचाल आता दोनदा टॅब मागते. काम तेच, हालचाल तीच, पण मधल्या काळात काय घडले यावर की किती वेळा दाबायची हे ठरते. त्यामुळे हाताला सवय लागू शकत नाही. दर वेळी थांबून, ती छोटी चित्रे बघून ठरवावे लागते, आणि ती चित्रे काय दाखवतात हे आपण पाहिलेच आहे. ब्राउझरने यात आणखी एक मजला चढवला. पीडीएफ ब्राउझरच्याच टॅबमध्ये उघडते, मग ऑल्ट-टॅब तिच्यापर्यंत पोचतच नाही; तिथे कंट्रोल-टॅब लागतो आणि त्याचा क्रम वेगळा चालतो. २०२० मध्ये विंडोज १० ने एज ब्राउझरचे टॅबही ऑल्ट-टॅबच्या यादीत घातले. मजला एक झाला खरा, पण यादी लांबली आणि चित्रे आणखी लहान झाली.

याला तोड म्हणजे ठरलेला क्रमांक. विंडोज ७ पासून टास्कबारवर पिन केलेला पहिला प्रोग्राम विंडोज की आणि १ दाबून उघडतो, दुसरा २ ने, तिसरा ३ ने. मध्ये काहीही घडो, ब्राउझर एकवर असेल तर तो एकवरच राहतो. ब्राउझरच्या आत कंट्रोल आणि १ ते ८ या की त्या-त्या क्रमांकाच्या टॅबवर नेतात. अर्ज पहिल्या टॅबमध्ये आणि स्कॅन पीडीएफ वाचणाऱ्या वेगळ्या प्रोग्राममध्ये, असे एकदा ठरवून टाकले की खेपा कमी होत नाहीत, पण प्रत्येक खेपेतले शोधणे संपते. त्यात उणीव आहे: क्रमांक प्रोग्रामला मिळतो, विंडोला नाही, त्यामुळे दोन एक्सेल फाइलींमध्ये पुन्हा फिरावे लागते. लिनक्सच्या अनेक डेस्कटॉपांवर कामाच्या खोल्यांनाच क्रमांक देता येतात, आणि ती रचना हेंडरसन-कार्ड यांच्या विचाराच्या जास्त जवळची आहे. विंडोज १० ने २०१५ मध्ये असे अनेक डेस्कटॉप दिले, पण त्यांत कीबोर्डने फक्त शेजारच्या डेस्कटॉपवर सरकता येते.

कीबोर्डच्या खुब्या जाणकारांसाठी असतात, सामान्य माणूस त्या शिकत नाही, असा आक्षेप यावर हमखास येतो. आपल्याकडचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. गावोगावच्या दुकानांत आणि सीएंच्या कार्यालयांत टॅलीवर काम करणारे लोक संगणकतज्ज्ञ नसतात. तरी पेमेंटला एफ ५, रिसीटला एफ ६, विक्रीला एफ ८ आणि खरेदीला एफ ९ हे त्यांच्या बोटांना पाठ असते. ग्राहकाशी बोलता बोलता ते व्हाउचर बदलतात. या की त्यांना पाठ झाल्या, कारण त्या बदलत नाहीत आणि दिवसातून असंख्य वेळा लागतात. लोक शिकत नाहीत ते न स्थिरावणाऱ्या गोष्टी. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनी कॉपी-पेस्टच्या की लाखो लोकांच्या हातात बसवल्या. टास्कबारचे क्रमांकही त्याच तासात शिकवता येतील.

एक उपद्रव मात्र कुठल्याही क्रमांकाने सुटत नाही, तो डायलॉग बॉक्सचा. असुसचा ईई पीसी हा छोटा लॅपटॉप २००७ मध्ये ८०० बाय ४८० च्या स्क्रीनसह आला, आणि नंतरचे बहुतेक नेटबुक १०२४ बाय ६०० चे होते. जास्त उंची गृहीत धरून बनवलेल्या डायलॉगची ‘ओके’ची बटणे त्यांवर स्क्रीनच्या खाली जात. ऑल्ट-स्पेस, मग एम आणि बाणाच्या की वापरून डायलॉग वर ढकलता येतो. लिनक्सवर ऑल्ट धरून माऊसने ओढता येतो. याहून फसवा प्रकार म्हणजे मॅक्सिमाइज केलेल्या विंडोच्या मागे दडलेला डायलॉग. प्रोग्राम उत्तराची वाट बघत थांबलेला असतो, प्रश्न दिसत नाही, आणि माणूस संगणक अडकला समजून तो बंद करतो. भरलेला अर्ज जातो.

एका वेळी एकच विंडो बघावी, त्याने लक्ष विचलित होत नाही, असेही पुष्कळ लोक म्हणतात. दीर्घ लेखन करणाऱ्याला किंवा चित्रपट बघणाऱ्याला हे लागू पडते. पण ताळा करणे, भाषांतर करणे, मुद्रितशोधन करणे, पावतीवरून नोंद करणे, या कामांचा गाभाच दोन गोष्टी समोरासमोर ठेवण्यात आहे. तिथे दुसरी विंडो म्हणजे विचलन नसते, ती कामाचा अर्धा भाग असते. दुसरा मॉनिटर घ्यावा, हा सल्ला योग्य आहे आणि परवडत असेल तिथे तो जरूर पाळावा. पण शाळेच्या संगणक कक्षात, दोन फुटी काउंटरवर किंवा एसटीत मांडीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर तो पाळता येत नाही. तिथे उपयोगी पडते ती विषम वाटणी. स्कॅनचे पूर्ण पान दिसण्याची गरज नसते. आधार क्रमांकाच्या ओळीपुरती दीडशे पिक्सेल उंचीची पट्टी दिसली तरी पुरते. ती विंडो बुटकी करून, कायम वर राहील अशी ठेवायची आणि तिच्याखाली अर्ज. लिनक्समध्ये ही सोय विंडोच्या मेन्यूतच असते. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या साधनसंचाने २०२२ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि टी या कीवर ती आणली. कंट्रोल-एफ १ ने रिबन मिटवली की शंभराच्या आसपास पिक्सेल परत मिळतात. १३६६ बाय ७६८ मध्ये दोन पाने मावत नाहीत, पण एक पान आणि दुसऱ्याची एक ओळ मावते, आणि बघून लिहिण्याच्या बहुतेक कामांना तेवढे पुरते.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: आता स्क्रीन मोठ्या झाल्या, १९२० बाय १०८० सर्रास मिळते, मग हा प्रश्न आपोआप संपणार नाही का? नाही संपणार, आणि याचे कारण साध्या भागाकारात आहे. चौदा इंची लॅपटॉपवर १९२० पिक्सेल ठासले की अक्षरे इतकी बारीक होतात की अनेकदा सगळे दीडशे टक्के मोठे करून वापरावे लागते. १९२० ला दीडने भागले की १२८० येतात, १०८० ला भागले की ७२०. म्हणजे कामाला मिळणारी जागा जुन्या १३६६ बाय ७६८ हून कमीच. अक्षरे कोरीव दिसतात, डोळ्यांना बरे वाटते, पण दोन पाने शेजारी बसवण्याची गोष्ट पुन्हा तिथेच येते: निम्मी रुंदी ६४०, पान ७९४. चाळिशीनंतर अक्षरे मोठी करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हीच स्क्रीन येते, मशीन कितीही नवे असो. अशा वेळी २०२१ च्या विंडोज ११ ने टास्कबारची उंची ४८ वर नेली आणि तो डाव्या किंवा उजव्या कडेला उभा ठेवण्याची, विंडोज ९५ पासून चालत आलेली सोय काढून टाकली. ७२० मधले ४८ म्हणजे उंचीचा पंधरावा हिस्सा, आणि तोही रुंदीला न लावता नेमका तुटवड्याच्या बाजूला लावलेला. बटणांवर नाव दाखवण्याची सोयही त्या आवृत्तीने आधी काढली होती. लोकांनी मागणी लावून धरल्यावर ती २०२३ मध्ये परत आली. कडेला टास्कबार ठेवण्याची मागणीही तितक्याच नेटाने करायला हवी, आणि तिच्या जोडीला प्रोग्रामऐवजी प्रत्येक विंडोला स्वतःचा, न बदलणारा क्रमांक देण्याची.